पेशीतील स्टेरॉलवाहक प्रथिनखंड आणि परभणीच्या पिकांवरील अळी

सन २००८ च्या पावसाळ्यात विदर्भ व मराठवाड्यातील सोयाबीनच्या पिकावर पाने खाणाऱ्या अळीची मोठी धाड आली. शास्त्रीय परिभाषेत स्पोडोप्टेरा लिट्युरा या नावाने ओळखली जाणारी ही अळी परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवी नव्हती. एरंडी, कापूस, भुईमूग, तंबाखू अशा अनेक पिकांवर ती पूर्वापार आढळते. परंतु त्या वर्षी तिने केलेले नुकसान एवढे मोठे होते की, प्रमुख पिकांवरील किडींचे नियमित सर्वेक्षण करून शेतकऱ्यांस वेळीच सल्ला देणारा ‘क्रॉपसॅप’ हा प्रकल्प राज्य शासनास पुढील वर्षी हाती घ्यावा लागला. या अळीची एक निकड मात्र शेतात दिसत नाही. ती तिच्या आतड्याच्या पेशीत दडलेली आहे. अळीस स्टेरॉल लागते. ते तिला स्वतः तयार करता येत नाही. आणि पानांतून मिळालेले स्टेरॉल पेशीच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यासाठी तिला विशिष्ट प्रथिनांवर अवलंबून राहावे लागते. ही प्रथिने कोणती, त्यांची रचना कशी असते आणि त्यांच्या ज्ञानाचा मराठवाड्यातील पीकसंरक्षणास कितपत उपयोग होऊ शकेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्टेरॉल आणि पाण्याची अडचण

स्टेरॉल हा मेदवर्गातील रेणू होय. एकमेकांस जोडलेली चार वलये, त्यांच्या एका टोकास एक हायड्रॉक्सिल गट आणि दुसऱ्या टोकास कार्बन अणूंची शेपटी, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. प्राण्यांतील कोलेस्टेरॉलात २७ कार्बन अणू असतात. वनस्पतींतील सिटोस्टेरॉल व स्टिग्मास्टेरॉल यांच्या शेपटीवर दोन कार्बनांची एक जादा फांदी असल्यामुळे त्यांत २९ कार्बन अणू येतात. कॅम्पेस्टेरॉलात ही फांदी एकाच कार्बनाची असते. फरक एवढासा असला तरी कीटकाच्या दृष्टीने तो किती महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल.

या रेणूचा हायड्रॉक्सिल गट तेवढा पाण्याशी मिळतेजुळते घेतो; उरलेला सर्व भाग पाण्यापासून दूर राहू पाहतो. त्यामुळे स्टेरॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेशीपटलातील मेदांच्या दुहेरी थरात ते सुखाने राहते; परंतु एका पटलातून निघून दुसऱ्या पटलात जावयाचे म्हणजे मधील पेशीद्रव्याचा पाणथळ पट्टा ओलांडणे आले, आणि तेथेच त्याची वाट अडते.

असे असूनही पेशीतील स्टेरॉलची वाटणी मोठी शिस्तबद्ध असते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती अंतर्द्रव्य जालिकेत होते. पण त्या जालिकेच्या पटलात ते अत्यल्प प्रमाणात राहते आणि पेशीचा बहुतेक साठा बाह्य पटलात आढळतो. पूर्वी अशी समजूत होती की, पटलाचेच लहान पुटक तुटून दुसरीकडे जाऊन मिळते व त्याबरोबर स्टेरॉलही जाते. तथापि गॉल्जी पिंडातून जाणारा पुटकांचा मार्ग रोखला तरीही नवे कोलेस्टेरॉल बाह्य पटलापर्यंत पोहोचते, असे प्रयोगांत दिसून आले. तंतुकणिका तर या पुटकांच्या रहदारीच्या बाहेरच आहे. अर्थात पुटकांखेरीज दुसरे वाहन असलेच पाहिजे. ते वाहन म्हणजे स्टेरॉलवाहक प्रथिने.

प्रथिनखंडांची प्रमुख कुले

प्रथिनाच्या लांब साखळीतील जो भाग स्वतंत्रपणे घडी घालून आपले ठरावीक काम करू शकतो, त्यास येथे ‘खंड’ असे म्हटले आहे. एकाच प्रथिनात असे अनेक खंड असू शकतात आणि एकच खंड निरनिराळ्या प्रथिनांत पुन्हा पुन्हा योजलेला आढळतो. स्टेरॉलवाहक खंडांत एक गोष्ट समान आहे: त्या प्रत्येकाच्या पोटात पाण्यास मज्जाव करणारी पोकळी असते. स्टेरॉलचा रेणू त्या पोकळीत शिरला म्हणजे त्याचा पाण्याशी संबंध तुटतो आणि बाहेरून पाहता केवळ पाण्यात विरघळलेले प्रथिन तेवढे उरते.

या खंडांपैकी ‘स्टार्ट’ या नावाने ओळखले जाणारे कूल विशेष प्रसिद्ध आहे. अधिवृक्क ग्रंथी व जननग्रंथी यांत कोलेस्टेरॉलपासून संप्रेरके तयार होतात. त्यासाठी कोलेस्टेरॉल प्रथम तंतुकणिकेच्या आतील पटलापर्यंत पोहोचावे लागते. हे काम घडवून आणणारे ‘स्टार’ प्रथिन १९९४ साली ओळखले गेले. त्याच्या जनुकात दोष असल्यास नवजात अर्भकाच्या अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलने फुगतात, पण संप्रेरके तयार होत नाहीत, आणि बाहेरून संप्रेरके न दिल्यास अर्भक दगावते, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. ग्रंथीत माल साठलेला असूनही केवळ वाहतुकीअभावी शरीर उपाशी राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. गाईम्हशींची गर्भधारणा टिकविणारे प्रोजेस्टेरॉन अंडाशयातील पीतपिंडात तयार होते. तेथेही हेच प्रथिन कामास येते, म्हणून पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसही ते परिचयाचे असावयास हवे.

सुमारे २१० अमिनो आम्लांचा हा खंड अनेक प्रथिनांत असल्याचे १९९९ साली पाँटिंग व अरविंद यांनी दाखवून दिले आणि पुढील वर्षी त्याची त्रिमितीय रचना उलगडली. मानवात असा खंड असलेली १५ प्रथिने आहेत. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीत ती ३५ आणि भातात २९ असल्याचे २००४ मधील अभ्यासात नोंदविले आहे. वनस्पतींत हा खंड पुष्कळदा जनुकांचे नियंत्रण करणाऱ्या प्रथिनांस जोडलेला असतो. कापसाच्या धाग्याची लांबी वाढविण्यात ज्याचा मोठा वाटा असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले, ते ‘जीएच-हॉक्स-३’ प्रथिन याच वर्गातील होय. परभणीच्या काळ्या जमिनीतील बोंडात आणि ते पोखरणाऱ्या अळीत एकाच घडीचे खंड निरनिराळ्या कामांस लागलेले असावेत, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे कूल ऑक्सिस्टेरॉल-बंधक प्रथिनांचे. मानवात या कुलातील १२ व किण्वात ७ जनुके आहेत. यांतील मूळ प्रथिन अंतर्द्रव्य जालिका व गॉल्जी पिंड यांच्या पटलांस एकाच वेळी धरून ठेवते, जालिकेतून कोलेस्टेरॉल उचलून गॉल्जीकडे नेते आणि परतीच्या खेपेत फॉस्फेटयुक्त असा दुसरा मेदरेणू जालिकेकडे आणते. जालिकेत त्या रेणूचे विघटन होत राहिल्यामुळे वाहतुकीस सतत ओढ मिळते व कोलेस्टेरॉल विरळ भागाकडून दाट भागाकडेही नेता येते. ही देवघेव २०१३ साली प्रयोगाने प्रस्थापित झाली.

तिसरे कूल ‘अ‍ॅस्टर’ प्रथिनांचे. बाह्य पटल व अंतर्द्रव्य जालिका जेथे अगदी निकट येतात, तेथे ती कोलेस्टेरॉल जालिकेकडे आणतात, असे २०१८ मध्ये उंदरांवरील अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यांच्या अमिनो आम्लांचा क्रम स्टार्ट खंडाशी फारसा जुळत नाही. घडी मात्र त्याच धर्तीची आहे.

चौथे कूल ‘स्टेरॉलवाहक प्रथिन-२’ या साध्या नावाने ओळखले जाते. ते प्रथम उंदराच्या यकृतातून वेगळे करण्यात आले. त्याचा आकार लहान असून सस्तन प्राण्यांत त्यात १२३ अमिनो आम्ले असतात. एकाच जनुकापासून हे लहान प्रथिन आणि त्याला थायोलेज विकराचा भाग जोडलेले एक मोठे प्रथिन, अशी दोन्ही रूपे मिळतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हेच कूल सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण अळीच्या आतड्यात ते विपुलतेने आढळते.

या कुलांच्या घड्या सर्वस्वी एका साच्यातील नाहीत. पाण्यात न विरघळणारा रेणू पाण्यातून नेण्याचा प्रश्न सजीव सृष्टीने एकदाच सोडविला नसून निरनिराळ्या घडणीच्या प्रथिनांत पोकळी निर्माण करून तो अनेकदा सोडविला आहे, असा याचा अर्थ होतो.

एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे

वाहक प्रथिनांचे कार्य किती काटेकोर असते, हे नीमन-पिक ‘सी’ या दुर्धर आनुवंशिक रोगाच्या अभ्यासातून दिसून आले. या रोगात आहारातून आलेले कोलेस्टेरॉल पेशीच्या लयकारिकांत अडकून पडते व मज्जासंस्थेचा हळूहळू ऱ्हास होतो. त्यास कारणीभूत असलेले पहिले जनुक १९९७ मध्ये व दुसरे २००० मध्ये सापडले. दुसऱ्या जनुकाचे प्रथिन लयकारिकेच्या द्रवात मोकळे असते. पहिल्याचे प्रथिन तिच्या पटलात रोवलेले असते.

मोकळ्या प्रथिनाच्या पोकळीत कोलेस्टेरॉलची शेपटी आत व हायड्रॉक्सिलचे टोक बाहेर असते. पटलातील प्रथिनाच्या अग्रखंडात ही स्थिती नेमकी उलट असते: हायड्रॉक्सिल आत, शेपटी बाहेर. त्यामुळे दोन प्रथिने समोरासमोर आली म्हणजे रेणू न उलटता, पाण्याचा स्पर्श न होता, एका पोकळीतून दुसऱ्या पोकळीत सरकू शकतो. ब्राउन व गोल्डस्टाईन यांच्या प्रयोगशाळेतून २००९ मध्ये ही उपपत्ती मांडण्यात आली.

याच जातीचे एक प्रथिन मानवाच्या लहान आतड्यात आहाराततील कोलेस्टेरॉल शोषून घेण्याचे काम करते. ते २००४ साली ओळखले गेले. आणि त्यापूर्वी दोन वर्षे वापरात आलेले इझेटिमाइब हे औषध त्याच प्रथिनास निष्प्रभ करते, असे नंतर कळून आले. स्टेरॉलच्या वाहतुकीत बाहेरून हस्तक्षेप करता येतो व तो व्यवहारात उपयोगी पडतो, याचा हा पुरावा होय.

कीटकांचे परावलंबन

माणूस, गाय किंवा म्हैस यांच्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार होऊ शकते. आहारातून ते मिळाले नाही तरी अडत नाही. कीटकांची गोष्ट वेगळी आहे. माशीच्या अळ्यांना वाढीसाठी आहारातील स्टेरॉल आवश्यक असते, हे हॉब्सन यांनी १९३५ मध्ये दाखविले. कीटकांत स्टेरॉलची निर्मितीच होत नाही, हे क्लार्क व ब्लॉक यांच्या १९५९ मधील संशोधनाने निश्चित झाले. स्क्वालीन हा पूर्वगामी रेणू तयार करून त्याची वलये जुळविण्यासाठी लागणारी विकरेच कीटकांजवळ नाहीत.

कीटकास स्टेरॉल दोन कामांसाठी लागते: पेशीपटलांच्या बांधणीसाठी आणि कात टाकण्याच्या संप्रेरकासाठी. हे संप्रेरक, म्हणजे एक्डायसोन, बूटेनांट व कार्लसन यांनी १९५४ साली प्रथम स्फटिकरूपात मिळविले. त्यासाठी ५०० किलोग्रॅम रेशीमकोशांतून त्यांच्या हाती अवघे २५ मिलिग्रॅम द्रव्य आले. पाने खाणारी अळी पूर्ण वाढ होईपर्यंत साधारणतः पाच वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी तिला हे संप्रेरक लागते आणि प्रत्येक वेळी त्याची सामग्री पानांतील स्टेरॉलमधूनच उभी करावी लागते.

पानांत मात्र कोलेस्टेरॉल फारच थोडे असते. म्हणून बहुतेक पानखाऊ अळ्या आतड्याच्या पेशीत सिटोस्टेरॉलच्या शेपटीवरील जादा फांदी छाटून त्याचे कोलेस्टेरॉल बनवितात. सर्वच कीटकांना हे साधत नाही. कपाशीवरील लाल ढेकण्याच्या डिसडर्कस प्रजातीत ही छाटणी होत नसल्याचे आढळले आहे. तिचे संप्रेरक २८ कार्बनांच्या स्टेरॉलपासून घडते. एकाच कपाशीच्या झाडावर राहणाऱ्या दोन किडींची स्टेरॉलची रसायनक्रिया अशी भिन्न असते. परंतु बाहेरून आलेले स्टेरॉल पेशीतून वाहून नेण्याची गरज दोघींनाही सारखीच आहे.

ही वाहतूक खुंटली तर काय होते, याचे उत्तर फळमाशीने दिले. नीमन-पिक प्रथिनाशी जुळणारे जनुक निकामी केलेल्या फळमाशीच्या अळ्या कात टाकू शकत नाहीत व लहानपणीच मरतात. आहारात जास्तीचे कोलेस्टेरॉल किंवा कात टाकण्याचे संप्रेरक दिले असता त्या पुढे वाढू शकतात, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. म्हणजे पेशीत स्टेरॉल असणे पुरेसे नाही. ते योग्य ठिकाणी पोहोचणे आवश्यक आहे.

अळीतील वाहक प्रथिन

आरंभी उल्लेखिलेल्या स्पोडोप्टेरा लिट्युरा अळीचा या दृष्टीने प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे. चिनी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, या अळीच्या मध्यांत्रात थायोलेज जोडलेले मोठे प्रथिन तयार होते व त्यातून स्टेरॉलवाहक खंड सुटा होतो. दुपेडी आर-एन-ए टोचून या जनुकाचा आविष्कार दडपला असता अळीच्या रक्तद्रवातील कोलेस्टेरॉल कमी झाले आणि तिला कोशावस्थेत जाण्यास विलंब लागला.

डास व शिंगाड्या अळी यांवरील कार्य यास पूरक आहे. एडिस इजिप्ती या डासातील ११० अमिनो आम्लांच्या स्टेरॉलवाहक प्रथिन-२ ची रचना २००३ मध्ये उलगडली. तिच्या पोकळीत मेदाम्लाचा रेणू सस्तन प्राण्यांच्या तत्सम खंडात दिसलेल्या मांडणीहून वेगळ्या दिशेने बसलेला आढळला. सन २००५ मध्ये अनेक रसायनांची चाळणी करून या प्रथिनास अटकाव करणारे काही रेणू निवडण्यात आले व ते डासांच्या अळ्यांस मारक ठरले. पुढे तंबाखूवरील मॅन्ड्युका या पतंगाच्या अळीतही अशा रेणूंचा मेदशोषणावर होणारा परिणाम अभ्यासला गेला.

कात टाकण्याच्या क्रियेत व्यत्यय आणण्याची कल्पना शेतीस नवी नाही. निंबोळी अर्कातील अ‍ॅझाडिरॅक्टिन या संप्रेरकाच्या स्रवणात बिघाड करते, आणि मेथॉक्सिफेनोझाइडसारखी द्रव्ये त्याची नक्कल करून अळीस अवेळी कात टाकावयास लावतात. हे दोन्ही उपाय साखळीच्या शेवटच्या कड्यांवर आघात करतात. वाहक प्रथिनास रोखणे म्हणजे त्याच साखळीच्या आरंभीचे कडे तोडणे होय.

शक्यता आणि मर्यादा

येथे उतावीळपणे निष्कर्ष काढणे हिताचे नाही. पहिली अडचण वाहकांच्या अनेकत्वाची. किण्वातील ऑक्सिस्टेरॉल-बंधक कुलाच्या सात जनुकांपैकी कोणतेही एक काढले तरी पेशी जगते. सातही काढली तरच ती मरते. एका वाहकाचे काम दुसरा उचलून धरतो. वर सांगितलेल्या प्रयोगातही स्पोडोप्टेरा अळीची वाढ लांबली. ती सर्वस्वी थांबली नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने लांबलेली वाढ म्हणजे आणखी काही दिवस पाने खाणारी अळीही ठरू शकते. अर्थात हा लांबलेला काळ परोपजीवी कीटकांना व भक्षक पक्ष्यांना उपयोगी पडतो की पिकास अपायकारक होतो, हे शेतातच मोजले पाहिजे.

दुसरी अडचण उपकारक कीटकांची. मधमाशीसही स्टेरॉल परागांतूनच मिळवावे लागते, आणि तिलाही ते वाहून न्यावे लागते. मराठवाड्यात तुती लावून रेशीमकीटक पाळणारे शेतकरी आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजनाही चालते. रेशीमकीटक हा बोंडअळी व स्पोडोप्टेरा यांच्याच पतंगवर्गातील आहे. सोयाबीनवर फवारलेले द्रव्य वाऱ्याने शेजारच्या तुतीवर गेले आणि ते पतंगवर्गाच्या वाहक प्रथिनावर बेतलेले असले, तर एका शेतकऱ्याचा बचाव दुसऱ्याच्या नुकसानीस कारण होईल. अळीचे प्रथिन मनुष्याच्या व गुरांच्या प्रथिनाहून वेगळे आहे, एवढे सिद्ध करून भागणार नाही. ते रेशीमकीटकाच्या व मधमाशीच्या प्रथिनाहून किती वेगळे आहे, हा खरा प्रश्न आहे.

तिसरी अडचण प्रतिकारशक्तीची. भारतात २००२ साली बीटी कापसास व २००६ साली त्याच्या दोन जनुकांच्या वाणास मान्यता मिळाली. प्रारंभी बोंडअळ्यांचा चांगला बंदोबस्त झाला. परंतु गुलाबी बोंडअळीने कालांतराने दोन्ही विषांस दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भातील कापसाची तिने मोठी हानी केली. विष आतड्यातील ज्या ग्राहक प्रथिनास चिकटते, त्यात बदल झालेल्या अळ्या वाचतात व त्यांचीच संतती वाढते, हे या घटनेचे जीवरासायनिक सूत्र आहे. वाहक प्रथिनाच्या पोकळीतील एखाददुसरे अमिनो आम्ल बदलले, तर तेथेही हेच घडणे संभवनीय आहे. एकाच लक्ष्यावर सर्व भिस्त ठेवण्याची चूक पुन्हा करावयाची नसेल, तर असे द्रव्य प्रारंभापासून इतर उपायांच्या जोडीनेच योजावे लागेल.

परभणीतील अभ्यासास क्षेत्र

परभणी येथे १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात या विषयाचे सर्व घटक हाताशी आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा व कापूस ही पिके, त्यांवरील अळ्या, रेशीमकीटक आणि पशुवैद्यक महाविद्यालय ही सर्व एकाच गावात आहेत. तेव्हा पुढील तीन कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील म्हणता येतील.

पहिले काम मोजणीचे. सोयाबीन व तुरीच्या स्थानिक वाणांच्या पानांत, फुलांत व शेंगांत कोणती स्टेरॉले किती प्रमाणात आहेत, याचे कोष्टक तयार केले पाहिजे. स्टेरॉलांचे परस्परप्रमाण बदललेल्या वनस्पतींवर अळ्यांची वाढ मंदावते, असे परदेशातील प्रयोगांत दिसले असल्याने, वाणाच्या निवडीस ही माहिती उपकारक ठरू शकेल. दुसरे काम तुलनेचे. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा निरनिराळ्या तालुक्यांतून गोळा केलेल्या अळ्यांच्या वाहक प्रथिनाच्या जनुकात आजच कितपत विविधता आहे, हे पाहावे. कारण प्रतिकारशक्तीचे बीज या विविधतेत असते आणि द्रव्य वापरात येण्यापूर्वीच ते शोधणे शहाणपणाचे. तिसरे काम चाचणीचे. अळीवर तपासले जाणारे प्रत्येक अटकाव-द्रव्य त्याच आठवड्यात, त्याच मात्रांत, रेशीमकीटकावरही तपासले गेले पाहिजे.

स्टेरॉलवाहक खंडाची पोकळी म्हणजे काही मोजक्या अमिनो आम्लांनी वेढलेली, एका रेणूपुरती जागा. अर्भकाचे प्राण, गाईची गर्भधारणा, कापसाच्या धाग्याची लांबी आणि अळीची कात यांचे धागे या पोकळीच्या आकाराशी येऊन जुळतात. त्यामुळेच तिच्यात हस्तक्षेप करू पाहणाऱ्या संशोधकाने किडीकडे पाहावयाचे तितक्याच बारकाईने किडीच्या शेजाऱ्यांकडेही पाहावयास हवे. आणि ते सर्व शेजारी परभणीच्या शिवारात एकत्र नांदत असल्याने हा अभ्यास येथूनच सुरू होणे सयुक्तिक ठरेल.